अर्धवट किक

मोटरसायकलच्या किकच्या रबरावर पाच आडव्या धारा आहेत. चार उठून दिसतात. मधली झिजून जवळजवळ सपाट झाली आहे. पायाचा सगळा भार बहुधा तिथेच येत असावा. पडवीतल्या आरामखुर्चीत रेलून वैजयंती त्या मधल्या धारेकडे पाहते आहे. जेवण अंगावर आलं आहे. डोळे मिटले की धार दिसेनाशी होते, उघडले की पुन्हा दिसते, आणि दर खेपेला उघडायला थोडा जास्त वेळ लागतो.

गाडी जपानी आहे. घरोब्यातले आग्नेलमामा डिमेलो बोटीवर इंजिनियर होते, तेव्हा त्यांनी ती कोबे बंदरातून थेट इथे, वेंगुर्ल्याच्या या घरी आणली. टू-स्ट्रोक, शर्यतीच्या घाटाची, बुटक्या हँडलची, लाल टाकीची. वैजयंतीचा भाऊ शशांक दर मे महिन्यात सांगलीहून हिला नुसतं बघायला यायचा. मामा विकायला तयार नसत आणि दादा विचारायचं सोडत नसे. आता मामा लेकीकडे वसईला चालले आहेत, विकायला तयार आहेत, आणि दादाला जाऊन दोन वर्षं झाली. दिवाळीपासून मामा फोनवर विचारताहेत आणि वैजयंती "कळवते" म्हणते आहे. आज चहाच्या सुमाराला टेम्पो येणार. बंगळुरूचे कुणी हौशी गृहस्थ ही गाडी नेऊन काचेआड ठेवणार आहेत. त्याआधी वैजयंतीने हो म्हटलं तर गाडी तिची. सकाळपासून ती गाडीभोवती चारदा फिरली, पण हात म्हणून लावलेला नाही.

डोळे मिटतात. या वेळी धार दिसतच राहते.

"नुसती बघतच बसणार का गं?" दादा विचारतो.

तो गाडीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला आहे. अंगात कोपरावर रफू केलेला तपकिरी स्वेटर. रफू तिनेच केलेलं आहे. तो गेलेला आहे हे तिला माहीत आहे. त्यालाही माहीत असावं. विषय निघत नाही.

"कधी आलास?"

"तू जेवत होतीस तेव्हा. अर्धा बांगडा टाकलास ताटात. मामांना काय वाटलं असेल?"

"काटे फार होते."

"पीएचडी केलीस, पण काटे काढायला काही शिकली नाहीस."

पडवीच्या कडेला तिचं प्रयोगशाळेतलं टेबल आहे, सांगलीचं, ज्यावर ती रोज गावोगावचं पाणी तपासते. दोन सिंकच्या मध्ये गाडी उभी आहे. वैजयंतीच्या हातात ब्युरेटची, मापाच्या काचनळीची, तोटी आहे आणि ती पेट्रोलात तेल सोडते आहे, एकेक थेंब.

"थेंब थेंब काय घालतेस? ओत."

"प्रमाण चुकलं तर?"

"तर धूर होईल. धुराने कोणी मरत नाही." तो टाकीत डोकावतो. "म्हणजे मी तरी नाही मेलो."

तिला हसू येतं. किती दिवसांनी येतं ते तिला आठवत नाही.

"दादा, ही तुझ्यासाठी घेऊ का?"

"मला? मी ठेवू कुठे?"

"तुझ्या खोलीत. चार माणसं लावली तर जिन्याने वर जाईल. मी रोज पुसत जाईन."

"मग तो बंगळुरूवाला वेगळं काय करणार होता?"

ती तोटी बंद करते. टाकीवर हात ठेवावासा वाटतो, ठेवते. टाकी कोमट आहे.

"घरात आवाज नाही रे," ती म्हणते. "मी कधीकधी मिक्सर उगाच लावते. रिकामाच."

दादा उठतो, हात स्वेटरला पुसतो. "बस पुढे."

ती पुढे बसते. गिअरची गाडी तिला त्यानेच शिकवली होती, पण तो असताना पुढे बसायची वेळ कधी आली नाही. तो मागे बसतो. मागचे स्प्रिंग मुळीच दबत नाहीत. ते तिच्या लक्षात येतं. ती मनात नोंद करते.

ती किक मारते. पाय अर्ध्यावर आला असतानाच धीर सुटतो आणि ती तो उचलून घेते. दांडा सपकन उलटा येऊन उजव्या नडगीवर बसतो. डोळ्यांत पाणी येतं. पण इंजिन लागलं आहे. ती क्लच सोडते आणि गाडी मागे जायला लागते.

टेबलं पुढे सरकत जातात. इस्पितळाचा व्हरांडा येतो, बाकं, डबे घेऊन बसलेले नातेवाईक. एका उघड्या दारातून दादा पलंगावर दिसतो, सलाइनचे थेंब नळीतून वर चढताहेत. मग घरचा जिना. जिन्यावर दादा भाजीची पिशवी घेऊन, वर्तमानपत्रावर चिडलेला, चांगला जाडजूड.

"दादा, ही उलटी चाललीय!"

"चालणारच. टू-स्ट्रोकला दोन्ही दिशा सारख्या. अर्धवट किक मारलीस की कधीकधी अशी उलटी फिरते."

"मग फिरू दे."

"वैजू."

"फिरू दे ना. कॉलेजच्या मैदानापर्यंत. तू मला क्लच शिकवत होतास तिथपर्यंत."

"आवाज ऐक तिचा. ठिणगी उशिरा पडतेय. तापतेय ती. थोड्या वेळाने जाम होईल, मग ना पुढे, ना मागे."

ती ऐकते. आवाज खरखरीत झाला आहे, डब्यात खडे घालून हलवावेत तसा. जळकट वास येतो. त्याचं बरोबर आहे. बरोबर उत्तर नकोसं वाटण्याची तिला सवय नाही.

"बंद केली तर तू उतरशील."

"हो."

"मग मी काय करू?"

"पूर्ण किक मार. अंगाचा भार टाक. आणि घाबरून पाय मध्येच उचलू नकोस, प्रत्येक वेळी उचलतेस."

समोर मैदान दिसायला लागलं आहे. कडेची बाभळ, तिच्याखाली कोणीतरी एक मुलगी आणि एक मुलगा, अजून लांब आहेत. ती किल्ली फिरवते.

मैदान नाही. समोर माडांमधून जाणारा लाल मातीचा रस्ता आहे. मागे कुणी नाही. सीट पूर्वीइतकीच हलकी आहे. ती उभी राहते, उजवा पाय रबरावर ठेवते, सगळा भार टाकते आणि पाय खालपर्यंत जाऊ देते.

इंजिनाचा आवाज अंगणातून येतो आहे. टेम्पोचा.

वैजयंती डोळे उघडते. गाडी पडवीत तशीच उभी आहे. नडगी ठणकते आहे. ती सलवार वर करून पाहते. कातडीवर आडवे लाल वळ उठले आहेत. वरचे दोन ठळक, खालचे दोन ठळक. मधला जेमतेम. ती खुर्चीच्या लाकडावरून सावकाश हात फिरवते, दोन्ही बाजूंनी. लाकूड गुळगुळीत आहे, कुठेही धार नाही.

आग्नेलमामा चहाचे कप घेऊन येतात. "टेम्पो इलो गो बाय. काय ठरला? घेतंस मा?"

"घेते. त्यांना परत पाठवा."

मामा कप खाली ठेवतात. गाडीकडे बघतात, मग वैजयंतीकडे. "शशांकाची आठवण म्हणान?"

"नाही मामा." सलवार खाली सोडून ती उभी राहते. नडगीतून कळ येते. पाय ती तसाच टेकवते. "चालवायला. आंबोलीच्या घाटातून सांगलीला मीच घेऊन जाणार आहे."