तांबडीची बाजू

माझे धाकटे दीर छापखान्यात कंपोझिटर होते. एकतीस वर्षं त्यांनी उभ्याने छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवले, तेही डाव्या हाताने. छापखाना बंद पडला आणि भाऊजींनी गाई घ्यायचं ठरवलं. जाऊबाई म्हणाल्या, जन्मात मांजर पाळलं नाही आणि आता एकदम गाई.

खरेदीला त्यांनी मला बरोबर नेलं, कारण मी सगळं लिहून ठेवते. रोजनिशीची सवय शाळेतल्या सिस्टरांनी लावली, ती सुटली नाही. प्रूफ तपासावं तसे भाऊजी एकेका गाईचे दात, खूर, सड पाहत होते आणि मी टिपत होते. एका गोठ्यातून दोन पहिलारू घेतल्या, नुकत्याच पहिल्यांदा व्यालेल्या. तिसरी तांबडी, तिसऱ्या विताची, एका म्हाताऱ्या बाईंकडची. बाईंनी आमच्यासमोर धार काढली, तेव्हा तांबडी डोळे मिटून रवंथ करत होती. भाऊजी तिच्यावर भाळलेच.

पहिलारू गाई चार दिवसांत रुळल्या. तांबडीने मात्र पहिल्याच सकाळी बादली उडवली. भाऊजी जवळ बसले की ती अंग चोरायची, पान्हा सोडायची नाही. डॉक्टरांनी कास तपासली, काही दोष नाही म्हणाले. मग भाऊजी तिचे मागचे पाय बांधू लागले. बांधताना त्यांचाच चेहरा उतरायचा. एकदा मी सुचवलं, आधी जरा गोंजारून पाहा. नेमकी तेव्हाच त्यांच्या गुडघ्यावर लाथ बसलेली.

"वहिनी, गाई वहीत लिहून सांभाळता येत नाहीत."

जाऊबाई फिस्सकन हसल्या. मला ते लागलं.

त्याच आठवड्यात मागची पानं चाळताना माझंच अक्षर समोर आलं : 'बाई धारेला गाईच्या डाव्या अंगाला बसतात.' भाऊजी डावखुरे, ते उजव्या अंगाला बसायचे. पहिलारूंना अजून कसलीच सवय नव्हती, त्यांना चाललं. तांबडीला तीन वितं एकच बाजू माहीत होती.

सांगायला म्हणून मी गोठ्यापर्यंत गेले. तिथे भाऊजी दलालाशी बोलत होते. तांबडीला तो चार दिवसांनी न्यायला येणार होता. मनात आलं, विचारतील तेव्हा सांगू. वहीची गरज पडते की नाही, कळू दे एकदा. चार दिवस मी रोज वाट पाहिली. त्यांनी विचारलं नाही. पाचव्या दिवशी तांबडी वासरासकट गाडीत चढली, जराही आढेवेढे न घेता.

महिन्याभराने भाऊजींना त्या म्हाताऱ्या बाई बाजारात भेटल्या. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, बसत कुठल्या बाजूला होतात? भाऊजी तसेच दलालाकडे गेले. गाय तोवर दोनदा विकली गेली होती. पुढे कुठे गेली, त्याला सांगता येईना.

तिथून ते माझ्याकडे आले. चपलाही न काढता दारातच उभे राहिले.

"वहिनी, तुम्ही होतात ना त्या दिवशी. बाई कुठल्या बाजूला बसल्या होत्या, तुमच्या लक्षात आलं होतं?"

"नाही हो," मी म्हणाले.

त्यांनी सुस्कारा सोडला. "तुमच्या नजरेतून सुटलं, मग मला कुठून दिसणार."

एवढ्यानेच त्यांना जरा हलकं वाटल्यासारखं दिसलं. मग खरं सांगायला मला तोंडच राहिलं नाही. भाऊजींना जाऊन आता नऊ वर्षं झाली.