हलकी रायफल

पॉइंट टू-टू रायफलच्या काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी फार लबाड असतात. क्लबातून निघताना सगळी झाडून डब्यात टाकली तरी एखादं पँटच्या दुमडीत बसून घरी येतंच. मग बायको ते वॉशिंग मशीनमधून काढून विचारते, "हे काय आता?" साउथहॅम्प्टनच्या आमच्या रायफल क्लबातले किस्सेही असेच. मी ते गोळा केले नाहीत, अंगाला चिकटून आले. त्यातले बरेचसे मुकुंदाचे आहेत, आणि हल्ली ते सांगताना मला पहिल्यासारखं हसू येत नाही.

मुकुंद देवधर हाडांचा सर्जन, मी भूल देणारा. एकाच हॉस्पिटलात, एकाच टेबलाच्या दोन टोकांना आमची पंधरा वर्षं गेली. दर मंगळवारी संध्याकाळी दोघं क्लबात जायचो. गोदीजवळ एक जुना हॉल होता. तिथे चटईवर पालथं पडायचं आणि पंचवीस यार्डांवरच्या कागदी टार्गेटवर नेम धरायचा, बस्स. हे माझ्या आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पालथं पडायला एवढ्या लांब गेलास होय!"

*

पहिल्याच वर्षी मुकुंदानं परवाना काढून रायफल घेतली आणि घरात लोखंडी कपाट बसवलं. दसरा आला. कुमुदवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, रायफल बाहेर काढायला लावली, पाटावर ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं. "घरात शस्त्र आहे आणि पूजा नाही, असं कसं चालेल?"

दुसऱ्या दिवशी पोलिसांचे मिस्टर हॅरिस तपासणीला दारात हजर. परवानेवाल्यांची घरं बघायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी कपाट उघडायला सांगितलं तर लाकडी दस्त्यावर लाल डाग! त्यांनी बोट लावलं, वास घेतला.

"डॉक्टर, इज धिस ब्लड?"

मुकुंद इतका गडबडला की म्हणाला, "नो, नो! इट्स माय वाइफ!"

हॅरिस दोन पावलं मागे सरले. तेवढ्यात माय वाइफ नारळाच्या वड्यांची बशी घेऊन आत आली म्हणून बरं. हॅरिसनी दोन वड्या खाल्ल्या आणि वहीत लिहिलं, "लाल पावडर. धार्मिक."

*

एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. एका मंगळवारी मुकुंद चटईवरून उठला आणि म्हणाला, "अरे, ही रायफल जड झालीय."

क्लबाचा सेक्रेटरी होता रेज. जन्मभर गोदीत क्रेन चालवलेला माणूस, वजनाच्या बाबतीत त्याच्याशी कोण वाद घालणार! त्यानं मासे तोलायचा काटा आणला आणि रायफल लटकवली. "होती तेवढीच आहे, डॉक्टर."

"मग तुझा काटा म्हातारा झालाय," मुकुंद म्हणाला. सगळे हसले.

मी हसलो नाही. तो रायफल काट्यावरून काढत होता आणि माझी नजर त्याच्या डाव्या हातावर होती. अंगठ्याच्या बुडाशी मांसाचा उंचवटा असतो ना, तिथे खळगा पडला होता. असा खळगा स्नायू हळूहळू झिजवत नेणाऱ्या दुखण्याचा असू शकतो, हे मला ठाऊक होतं. हाडांच्या सर्जनला तर माझ्याहून जास्त ठाऊक असणार. मोठी ऑपरेशनं तो हल्ली दुसऱ्यांकडे सोपवायचा, ते का, हे मला तेव्हा उमगलं. गाडीतून घरी येईपर्यंत मी न थांबता क्रिकेटबद्दल बोलत होतो. क्रिकेटमधलं मला काही कळत नाही.

*

मग मुकुंदानं एक कॅटलॉग आणला. नवीन रायफल, जुनीच्या निम्म्या वजनाची. घ्यावी की न घ्यावी? रविवारी जेवणाच्या टेबलावर चर्चा.

वहिनी भडकल्याच. "एवढे मोठे सर्जन आणि हलकी वस्तू घेणार? लोक काय म्हणतील? घ्यायची तर चांगली भारीतली घ्या!"

"अगं, हलकी म्हणजे वजनाला!"

"मग तसं सांगावं ना आधी." त्यांनी मला आमटी वाढली आणि माझ्याकडे बघत विचारलं, "पण भाऊजी, आहे त्या रायफलीला काय झालंय?"

आमटी छान झालीय, असं मी म्हणालो.

*

त्यांची मुलगी मीरा क्रॉयडनला वकिली करायची, शनिवार-रविवारी घरी यायची. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी बोलताना शब्दांचं लिंग तिच्याकडून वारंवार घसरायचं. त्या दिवशी ती कॅटलॉग चाळून म्हणाली, "बाबा, ती रायफल हेवी नाहीये. तुझा हात हलकी झाली आहे."

मुकुंदानं चष्मा वर सारला. "हात पुल्लिंगी. हलका."

"ओके. तुझा हात हलका झाली आहे."

"झालाय!"

"तुझा हात हलका झालाय," मीरा एकदम बरोबर म्हणाली आणि रडायला लागली.

भारतात असताना याच मुकुंदाला पेशंट सांगायचे, डॉक्टर, तुमचा हात किती हलका आहे हो! इंजेक्शन दिलेलं कळत नाही. त्याचा त्याला केवढा अभिमान होता. त्या रविवारी मात्र त्यानं मुलीच्या पाठीवर हात ठेवला, तोही उजवा, आणि नुसतं "शाब्बास" म्हणाला.

*

सोमवारी दोन ऑपरेशनांच्या मधे हात धुताना त्यानं मला सरळ विचारलं, "घेऊ का रे?"

घे म्हणणं खोटं होतं. नको म्हणणं म्हणजे निदान सांगणं होतं. आयुष्यभर मी लोकांना झोपवत आलो, जाग्या माणसाशी खरं बोलायची मला सवय नाही.

"रेजला विचार," मी म्हणालो. आजही त्या वाक्याची मला लाज वाटते.

*

रेजचं मत पक्कं होतं. "जड रायफल तुमची गुपितं सांभाळते, डॉक्टर. हलकी सगळं चव्हाट्यावर आणते, नाडीच्या ठोक्यानंसुद्धा हलते." तरी त्यानं कुणाकडून तरी तसलीच एक हलकी रायफल मागून आणली. म्हणाला, आधी मारून बघा.

मुकुंदानं पाच गोळ्या मारल्या. टार्गेट जवळ आणलं. पाच भोकं पाच दिशांना, एक तर कागदाच्या कडेला!

रेजनं कागद बघितला. "नेम धरायच्या साइट्स बिघडल्यात," तो म्हणाला. स्वतः चटईवर पालथा पडला, त्याच रायफलीनं पाच गोळ्या मारल्या आणि कागद मुकुंदाला दाखवला. त्याचीही भोकं कागदभर उधळलेली. "बघा. सांगत नव्हतो?"

तीस वर्षं कौंटीच्या टीममध्ये असलेला माणूस! साइट्स बिघडल्या असत्या तरी त्याच्या गोळ्या एकाच जागी बाजूला गेल्या असत्या. हे मला कळलं, मुकुंदालाही कळलं. त्यानं रेजचा कागद घडी करून खिशात ठेवला.

परत येताना गाडीत म्हणाला, "घेतो. जमेल तितके मंगळवार मला पालथं पडायचंय."

*

नवीन रायफल म्हणजे परवान्यात बदल, बदल म्हणजे अर्ज, आणि अर्ज म्हणजे पुन्हा मिस्टर हॅरिस. अर्जदाराची ओळख देणारा माणूस म्हणून मीही हजर होतो. हॅरिस आता टकले झाले होते. कपाट उघडल्यावर त्यांनी जुन्या रायफलीच्या दस्त्यावर बोट फिरवलं आणि वहिनींकडे बघितलं. "नो पावडर?"

"नॉट दसरा," वहिनी म्हणाल्या आणि वड्या पुढे केल्या.

हॅरिसनी अर्ज वाचला. नवीन रायफल का हवी, या रकान्यात मुकुंदानं लिहिलं होतं, जुनी जड होते.

"पण गेल्या खेपेला तर तुम्ही खूश होता हिच्यावर. इतकी जड आहे?"

"दर आठवड्याला थोडी थोडी जास्त."

हॅरिसना वाटलं, डॉक्टर थट्टा करताहेत. हसून त्यांनी पेन उघडलं. "आणि नवीन? तिचं वजन किती?"

मुकुंदानं डावा हात उजव्या हातानं उचलून टेबलावर नीट ठेवला.

"आज," त्यानं विचारलं, "की तुमचा परवाना येईल तेव्हा?"