आत्याने ठेवलेलं हृषीकेश

घुगऱ्यांचा वास आला की कासू गावाजवळच्या मिठागर कामगाराच्या घरचं बारसं आठवतं. बाळाचं हृषीकेश हे नाव शाळेतल्या मास्तराने, म्हणजे मीच, हौसेने सुचवलं होतं. गावात ते कुणाचंच नव्हतं. पाळण्याशी आत्या अडखळली. बायका हसल्या, "सांग गो, जीभ घरी ठेवलीस काय?" माझ्यामुळे तिची शोभा झाली म्हणून मी मान खाली घातली. तेवढ्यात ती बाळाच्या कानाशी वाकून ठणकावून म्हणाली, "रुशिकेस! माजा भाचा हाय, मी म्हनीन तेच नाव." रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. निघताना पोटुशी शेजारीण म्हणाली, "गुरुजी, मला मुलगा झाला तर आमचा पन रुशिकेसच." तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. आज त्या गावात रुशिकेस पुष्कळ आहेत. मी त्यांना आत्यासारखीच हाक मारतो.