उशीचा प्रश्न

एटापल्लीच्या बाजारात बांगड्या विकणाऱ्या चाचांचा आवाज असा, की ते बोलले तर सागाची पानं गळतात. माल न्यायला गडचिरोलीला आले, की गाडीची वेळ होईपर्यंत ते एका दवाखान्यात बसतात आणि माडिया पेशंटांचं बोलणं डॉक्टरांना मराठीत सांगतात. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. मी तिथं बीपीच्या गोळ्यांसाठी जातो.

एकदा एक माडिया म्हातारी आली. पाय भोपळ्यासारखे सुजलेले. डॉक्टरांनी विचारलं, "झोपताना किती उशा लागतात?"

चाचांनी तिला विचारलं. म्हातारी हसली.

"एकही नाई म्हणते, साहेब."

डॉक्टर निर्धास्त झाले. हृदय थकलेल्या माणसाला सपाट झोपवत नाही, उशांची चळत लागते. त्यांनी गोळ्या देऊन तिला घरी जायला सांगितलं.

बाहेर बाकावर म्हातारी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली. पंखा, माश्या, अख्खं गडचिरोली तिच्याबरोबर पेंगायला लागलं. चाचा एकटे जागे. त्यांनी माडियात हळूच काही विचारलं. ती डोळे न उघडताच पुटपुटली.

चाचा ताडकन आत घुसले. "चुकलो न मी, साहेब! उशी तं तिनं जनमात पाह्यली नाई. घरीबी खांबाले टेकूनच झोपते. आडवी झाली का बुडाल्यावानी होते म्हणते!"

म्हातारीला लगेच भरती केलं.

आता चाचा भेटले, की विचारतात, "कसे झोपून राह्यले, भाऊ?"

"आडवा! असा घोरतो, की वाघ तेलंगणात पळतात."

चाचा हसत नाहीत. चपलेत न मावणाऱ्या माझ्या पायांकडे बघत राहतात.