माणसावरचा उजेड

विमलबाई कापगते यंदा होळीनंतरच्या सोमवारी पहाटे अर्जुनी मोरगाव येथे राहत्या घरी वारल्या. तेरवीचा फ्लेक्स दोनदा छापावा लागला. पहिल्या फ्लेक्सवर त्यांचा चेहरा गव्हाच्या पिठासारखा उजळ आला होता. त्यांची मुलगी ज्योती तो गुंडाळून दुकानात परत घेऊन गेली.

"ही कोण?" तिने विचारले.

"मॅडम, सॉफ्टवेअर अपने आप साफ कर देता है," दुकानदार म्हणाला. "सबका करते हैं. अच्छा दिखता है."

"माझी आई सावळी होती. तशीच छापा."

दुसरा फ्लेक्स संध्याकाळी मिळाला.

विमलबाईंनी आयुष्यभर फोटो काढले, तेही रिळाच्या कॅमेऱ्यावर. फोटो काढण्याआधी त्या आपला उजवा हात गिऱ्हाइकाच्या गालाजवळ न्यायच्या आणि कॅमेऱ्यातून चेहऱ्याकडे न पाहता त्या हाताच्या पाठीकडे पाहायच्या. नवखे गिऱ्हाईक दचकायचे. एका म्हाताऱ्याने त्यांना विचारले होते, "बाई, मारून राहिल्या का?" त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले होते : "मारत नाही जी, उजेड मोजून राहिलो."

रिळाच्या त्या दिवसांत मी गोंदियाच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. दैनिकाने छायाचित्रकार पाठवणे बंद केले होते आणि वार्ताहरांना एकेक साधा कॅमेरा दिला होता. छिद्र, वेग, सगळे हाताने ठरवायचे. कॅमेऱ्याच्या आत एक सुई होती. ती मध्यावर आली की उजेड बरोबर, एवढेच मला सांगण्यात आले होते. तालुक्यातल्याच प्रतापगडच्या जत्रेत दर्ग्याच्या पांढऱ्या भिंतीपुढे बसलेल्या लोकांचे फोटो मी सुई मध्यावर आणून काढले. भिंत राखाडी आली आणि माणसे कोळशासारखी. डेस्कवरून निरोप आला की फोटोत कोण आहे ते कळवावे.

निगेटिव्ह घेऊन मी अर्जुनीत विमलबाईंच्या स्टुडिओत गेलो. त्यांनी पट्टी खिडकीकडे धरली.

"सुईवर भरोसा केला ना?"

"हो."

"चेहऱ्याच्या जागी नुसती काच दिसून राहिली. काच दिसली म्हणजे तिथं उजेड पोचलाच नाही." मग त्यांनी समजावून सांगितले. "सुईले सारी दुनिया राखेच्या रंगाची वाटते. पांढरी कोंबडी दाखव, ती म्हणते राख. काळी म्हैस दाखव, ती म्हणते राख. तू तिले भिंत दाखवली, तिनं भिंतीची राख केली. माणसं गेली खड्ड्यात. उजेड मोजायचा तो माणसावरचा. भिंतीसंग आपलं काय काम?"

हाताची पाठ त्यासाठी होती. त्यांचा हात सावळा होता आणि त्यांची बहुतेक गिऱ्हाइकेही सावळी होती. हातावर सुई मध्याला आणायची, मग छिद्र थोडे बंद करायचे, कारण सुई सावळ्या हाताचीही राखच करू पाहते. त्यानंतर मागे भिंत असो की अंधार, सुईकडे पुन्हा पाहायचे नाही.

त्यांचे माहेर नवेगावकडचे, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातले. शिकवताना त्यांना तलावच आठवायचा. तलावाच्या पाळीत पाणी सोडायचे जे तोंड असते, त्याला तिकडे तुडूम म्हणतात आणि भाताच्या खाचराला बांधी. "तुडूम किती उघडलं ते छिद्र. किती वेळ उघडं ठेवलं तो वेग. अन् बांधीतली माती म्हणजे रीळ. शंभराचं रीळ जास्त पाणी पिते, चारशेचं थोडक्यात भिजते. तिन्हीचा मेळ बसला तं धान उभा राहते. नाही तं वाळते, नाही तं सडते." छिद्राचा आकडा मोठा असला की तोंड लहान असते, हे मला पटायला वेळ लागला. छिद्राच्या एका खुणेला त्या घर म्हणत. एक घर उघडले की उजेड दुप्पट, एक घर बंद केले की निम्मा. उघड्या उन्हात शंभराच्या रिळाला छिद्र सोळा आणि वेग सव्वाशे, म्हणजे सेकंदाचा सव्वाशेवा भाग, हे त्यांनी माझ्याकडून पाढ्यासारखे पाठ करून घेतले.

स्टुडिओ मूळचा त्यांच्या नवऱ्याचा. तो वारला तेव्हा ज्योती शाळेत जात होती. विमलबाईंनी स्टुडिओ चालू ठेवला, पण लग्नांची कामे हळूहळू दुसरीकडे गेली. मांडवात विधवा बाई कॅमेरा घेऊन पुढे उभी नको, असे लोक म्हणत. त्या स्वतः त्याबद्दल काही बोलत नसत. उरले ते ओळखपत्रांचे फोटो आणि स्थळांना पाठवायचे फोटो. हे कृष्णधवल असत. ते त्या मागच्या डार्करूममध्ये स्वतः छापत.

स्थळाचा फोटो गोरा हवा, ही बाजारातली रीत होती. इतर स्टुडिओंत पावडरचा डबा असायचा. शिवाय कॅमेऱ्यात एखादे घर जास्त उघडायचे आणि छापताना कागदाला उजेड कमी द्यायचा. फोटोच्या कागदाचे उलटे असते, उजेड कमी मिळाला की चेहरा उजळतो. विमलबाईंकडे डब्याच्या जागी बादली आणि पंचा होता. पावडर लावून आलेल्या मुलीला त्या आधी तोंड धुवायला लावत. "माय, तुह्या घरच्यांनी तरी तुले वळखलं पाहिजे."

यामुळे गिऱ्हाईक तुटत होते. मग ज्योतीच्या लग्नाची वेळ आली.

ज्योती आईसारखीच सावळी. तिचा फोटो विमलबाईंनी काढला, आहे तसा छापला आणि मध्यस्थामार्फत पाठवला. दोन ठिकाणांहून तो परत आला. ज्योतीचे काका नामदेवराव स्टुडिओत येऊन बसले.

"वहिनी, सारी दुनिया करते. एक घर उघडलं तं तुमचं काय जाते?"

"माझं नाही जात, भाऊजी. तिचं जाते."

"तुमच्या हट्टापायी लोकांनी दुसरीकडं फोटो काढून पोरी उजवल्या. आता घरच्या पोरीवर येऊन राहिलं."

पुढच्या आठवड्यात चिचगडजवळच्या एका घरातून निरोप आला की मुलगी पसंत आहे, रविवारी पाहायला येतो. विमलबाईंनी तिथे फोटो पाठवलेला नव्हता. त्यांनी ज्योतीला विचारले. नामदेवरावांनी तिला बाजारातल्या दुसऱ्या स्टुडिओत नेले होते. ती आपण होऊन गेली होती.

मी त्या दिवशी डार्करूमच्या दाराशी बोदलकशाच्या तलावाचा माझा फोटो धुऊन निघायची वाट पाहत होतो. दोघींचे बोलणे माझ्यासमोरच झाले.

"पावडर लावली?"

"लावली."

"काऊन?"

"दोनदा फोटो वापस आला, आई. माणूस तं एकदाही नाही आला."

विमलबाईंनी ट्रेमधला कागद उलटवला. मग म्हणाल्या, "फोटो पाहून नाही म्हणतील तं ते तिकडं म्हणतील, आपल्या कानावर नुसता निरोप येईल. पण घरी येऊन नाही म्हणतील तेव्हा तू पोह्याची बशी घेऊन उभी राहशील. त्यांची नजर आधी तुह्या तोंडावर जाईल, मग फोटोवर. ते मी पाहू?"

"मग रविवारी येऊ नका म्हणून कळवतेस?"

"मी नाही कळवत. तुहा फोटो आहे, तू ठरव."

ज्योतीने आईने काढलेली निगेटिव्ह मागितली. ती स्वतः छापायला बसली. विमलबाईंनी तिला आधी चाचणीची पट्टी काढायला लावली. मोठा फोटो छापण्याआधी कागदाच्या एका लांब तुकड्यावर पुठ्ठा ठेवतात आणि उजेड चालू असताना तो टप्प्याटप्प्याने सरकवतात. ज्या भागाला जास्त वेळ उजेड मिळतो तो जास्त काळा होतो. कोणता टप्पा खरा, ते पाहून मग फोटोची वेळ ठरते. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये ज्योतीचा चेहरा उमटला. कपाळ पांढरे, डोळ्यांपासून खाली तो गडद होत गेला आणि हनुवटी काळीकुट्ट झाली.

ज्योती हसायला लागली. "कपाळ मडमेचं अन् हनुवटी आपल्या म्हशीची!"

"हास नको, पट्टी हलते."

"यातली मी कोणती?"

"नाकापाशी पाहा."

त्या मापाने तिने मोठा फोटो छापला. वाळल्यावर फोटो आणि पट्टी दोन्ही एका पाकिटात घातली. पट्टीवर नाकाच्या बाजूला तिने पेनाने एक बाण काढला. चिचगडकडे जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे पाकीट मी नेऊन दिले. नामदेवरावांना दुसऱ्या दिवशी कळले. "आता रविवारी पोहे तुम्हीच खा," एवढे बोलून ते निघून गेले. रविवारी मात्र सकाळीच येऊन बसले.

दुपारपर्यंत कोणी आले नाही. ज्योतीने साडी बदलायला घेतली होती, तेवढ्यात जीप दारात थांबली. मुलगा, त्याचे वडील आणि आई. मुलाचे नाव वसंत, शाळेत मास्तर. पट्टी त्याच्या खिशात होती.

बोलायला सुरुवात त्याच्या आईने केली. "जीप पंक्चर झाली जी, म्हणून उशीर. आधी एक सांगा. आमच्याकडं दोन फोटो आले, एक गोरी, एक सावळी. मी म्हटलं बहिणी असतील. हा म्हणे, एकच आहे. घरात भांडण. मग यानं ती पट्टी दाखवली." त्यांनी बशी घेऊन आलेल्या ज्योतीकडे नीट पाहिले. "सावळी आहे, तं आमचा कुठं दह्यासारखा हाय?"

नामदेवराव पोह्यांत लिंबू पिळत राहिले.

वसंतने पट्टी बाहेर काढली. "एकाच कागदावर हे कसं केलं?"

"पुठ्ठा सरकवून," ज्योती म्हणाली.

"मले दिसेल काय करताना?"

आता अडचण अशी की डार्करूमचे दार लावल्याशिवाय ते दिसणे शक्य नव्हते, आणि मुलगा-मुलगी आत असताना दार लावावे की नाही यावर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांत चर्चा सुरू झाली. विमलबाई उठल्या, आधी स्वतः आत गेल्या, मागोमाग ती दोघे गेली. दार लागले.

लग्न त्याच उन्हाळ्यात अर्जुनीत झाले. फोटोंसाठी दुसरा माणूस सांगावा, असे नामदेवरावांचे म्हणणे होते. वसंतची आई म्हणाली, "घरात कॅमेरा असून बाहेरचा कायले? विहीणबाई काढतील ना." कन्यादान नामदेवराव आणि त्यांच्या बायकोने केले. विमलबाई मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाटाच्या अगदी जवळ, कॅमेऱ्याला डोळा लावून उभ्या होत्या. त्यांनी रंगीत रिळे वापरली आणि ती गोंदियाच्या लॅबला पाठवली. त्यांतल्या एकाही फोटोत त्या नाहीत.

शेवटच्या रिळात मुलगी सासरी निघतानाचे फोटो आहेत. जीप उघड्या उन्हात उभी होती. ज्योती जीपमध्ये चढल्यानंतरचे चार फोटो हललेले आहेत. वेग किती ठेवला होता, असे मी त्यांना नंतर निगेटिव्ह पाहून विचारले. "सव्वाशे," त्या म्हणाल्या. सव्वाशेच्या वेगाला हात हललेला सहसा दिसत नाही.

हललेले म्हणून लॅबने तेव्हा ते चार फोटो छापले नव्हते. तेरवीनंतर ज्योतीने निगेटिव्ह शोधून काढल्या आणि गोंदियाला जाऊन चारही छापून आणले.