दुपारी अडणारा कॉम्प्युटर

जव्हारच्या त्या हायस्कुलात श्रीकृष्ण भाऊसाहेबांनी सव्वीस वर्षं कारकुनी केली, आणि एवढ्या वर्षांत विश्वास ठेवला तो फक्त स्वतःच्या कुलपावर. मास्तरांना खडूसुद्धा ते मोजून देत. माणूस वाईट नव्हता हो, पण संशय हाडीमाशी खिळलेला.

दोन हजार तीन साली शाळेत कॉम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर जयवंती आली. जवळच्याच साखरशेत गावची मुलगी, नाशिकला कोर्स केलेली, सहा महिन्यांच्या तात्पुरत्या ऑर्डरवर. सकाळी ती काम करायची, दुपारी भाऊसाहेब शिकायला बसायचे. दसऱ्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. खंडेनवमीची पूजा तर भाऊसाहेबांनी स्वतः केली. "यंत्राचा जीव आत असतो, पत्र्याला काय कुंकू लावायचं?" म्हणत त्यांनी बाजूचं झाकण उघडलं आणि हळद-कुंकू, अक्षता, झेंडू आत मनोभावे वाहिले.

दसरा झाला आणि कॉम्प्युटर हँग होऊ लागला. तोही फक्त त्यांच्याच हातात! सकाळच्या गारव्यात जयवंतीचे दाखले भराभर निघत. दुपारी भाऊसाहेब बसले की दहा मिनिटांत माऊसचा बाण जागच्या जागी थिजे. ती येऊन बंद करून परत चालू करी आणि म्हणे, "गरम होतंय वाटतं, भाऊसाहेब." गरम म्हणे! आपल्याला अडाणी ठरवायचं आणि कायमची खुर्ची पटकावायची, दुसरं काय?

त्यांनी पाळत ठेवली. झाकणाच्या स्क्रूवर खडूची बारीक रेघ ओढून ठेवली. सोमवारी पाहतात तो रेघ पुसलेली. आणि त्या दुपारी कॉम्प्युटर तासभर अडला नाही. दुसरा कोणी खूश झाला असता. भाऊसाहेबांची मात्र खात्रीच पटली, की बिघडवणारी हीच आणि नीट करणारीही हीच. तिची ऑर्डर तीस तारखेला संपत होती. त्यांनी तिथल्या तिथे हाताने चिठ्ठी लिहिली, "यंत्रात परस्पर हात घालतात, मुदत वाढवू नये," आणि शिपाई जिवाला संस्थेच्या सेक्रेटरींकडे पिटाळलं. तासाभराने जयवंतीला बोलावलं.

"झाकण उघडलंस ना? काय काढलंस आतून?"

जयवंतीने ड्रॉवरमधून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. पुडीत झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या होत्या आणि कुंकवाने माखलेले तांदूळ.

"पंख्यात अडकला होता, भाऊसाहेब. पंखा फिरतच नव्हता. देवाचा हाय म्हणून फेकला नाय. घरी जाईन तव्हा नदीत सोडीन."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही एवढ्या भक्तीनं पूजा केलेली. चारचौघांत कसा सांगू?"

भाऊसाहेबांचे कान तापले. सव्वीस वर्षांत वाटली नव्हती एवढी लाज त्यांना वाटली. त्यांनी जिवाला हाक मारली, तर जिवा चिठ्ठी पोचवून केव्हाच परत आला होता.

ते कॉम्प्युटरसमोर बसले आणि एकेक अक्षर हुडकत सेक्रेटरींना दुसरं पत्र लिहू लागले. "मघाची तक्रार खोटी आहे. बिघाड माझ्याच हातून झाला. जयवंतीबाईंनी तो दुरुस्त केला." 'माझ्याच' पाशी त्यांचं बोट थांबलं. आता तरी हा हँग होईल, अशी एक चोरटी आशा त्यांच्या मनात येऊन गेली.

पाऊण तास लागला. पत्र पुरं होईपर्यंत कॉम्प्युटर एकदाही अडला नाही.