नानांच्या शेतातली गाडीवाट

आमचं शेत चोपड्याकडचं, रस्त्यापासून बरंच आत. डांबरी रस्त्यावर यायला शेजारच्या नानांच्या शेतातून गाडीवाट होती, दुसरी नव्हती. त्या वाटेच्या भरवशावरच वडिलांनी केळी लावली. केळी बैलगाडीत नीट रचून रस्त्यावरच्या ट्रकपर्यंत न्यावी लागतात. घड डोक्यावरून नेले की घासतात, काळे पडतात आणि व्यापारी ते घेत नाही.

दरवर्षी कापणीच्या आदल्या दिवशी वडील नानांच्या ओट्यावर जाऊन विचारत, उद्या गाडी काढू का. नाना वैतागत. दरसाल काय विचारतोस, वाट काय मी बांधून ठेवली आहे, असं म्हणत आणि आत चहा सांगत. आजोबाही असेच विचारायचे म्हणे. दुसऱ्याच्या शेतात पाय टाकायचा तर विचारायचं, इतकंच आमच्याकडे ठाऊक.

नाना गेले. त्यांच्या मुलानं शेत सपाट करायला काढलं आणि वाट नांगरून टाकली. वडील बोलायला गेले तेव्हा तो म्हणाला, "काका, मी कुठं नाही म्हणतो? बांधावरून पायी या ना, तब्येतीला चांगलं असतं." तिथं बसलेले हसले.

मी तेव्हा जळगावला कॉलेजात होतो, घरातला पहिलाच. त्यामुळे मला सगळं कळत असेल असं घरच्यांना वाटे, आणि कळत नाही हे मला सांगवत नसे. तालुक्याच्या कचेरीत आम्ही अर्ज केला, वाट पूर्वापार वहिवाटीची आहे असा.

तारखेला तहसीलदार साहेबांसमोर नानांच्या मुलाच्या वकिलानं वडिलांना एवढंच विचारलं, की गाडी नेताना तुम्ही नानांना विचारत होतात का. त्यात काय दडलंय हे मलाही उमगलं नाही. वडील ताठ उभे राहिले.

"ईचारीसनीच जातस साहेब. दुसराना वावरमा असंच कसं घुसानं?"

वकील खाली बसला. परत येताना एसटीत वडील खुशीत होते. साहेबांनी मान डोलावली, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं.

निकाल आला. वाट परवानगीनं वापरली जात होती, म्हणून तिच्यावर हक्क नाही. परवानगी देणारा गेला, परवानगी संपली. मी तो वाचून दाखवला, जमेल तसा अर्थ सांगितला. वडिलांनी कागद माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले, "म्हंजे न ईचारता जातूत, ते वाट आमनी व्हती?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्या वर्षी बायांनी घड डोक्यावरून बांधानं आणले. व्यापाऱ्याच्या माणसानं निम्म्याहून अधिक बाजूला काढले. वरच्या कोर्टात जाऊ या, असं मी म्हणालो खरा, पण माझ्याच आवाजात जोर नव्हता. वडील कुदळ घेऊन केळीच्या बागेत गेले. बुंध्याशी फुटलेली पिलं एरवी पुढच्या बागेसाठी राखतात. ती त्यांनी खणून काढली, खोडं आडवी केली आणि पुढच्या हंगामात तिथं कपाशी लावली. कापूस बोचक्यात बांधून डोक्यावरून आणता येतो.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा आई बोचकं घेऊन बांधावरून येत होती. मी घ्यायला पुढं झालो. राहू दे, तुला सवय नाही, असं म्हणून ती थांबली नाही.